सतरावी पाठ

१

कलादालन उघडायचं दहाला, पण मुकादमबाई साडेआठलाच मागच्या दाराशी हजर असायच्या. चपला काढून कापडी बूट चढवायचे, दिवे लावायचे, मऊ केसांचा ब्रश घ्यायचा आणि पहिल्या पाठीपासून सुरुवात करायची. धूळ झटकायची नाही, उचलायची. वरून खाली, एकाच दिशेने. एका पाठीला चार मिनिटं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. साचे करणाऱ्या बाईचं काम शिल्प भिंतीवर चढलं की संपतं. पण मुकादमबाईंचा पाय घरात ठरत नव्हता, आणि आपणहून झाडपूस करणारं माणूस मिळतंय तर कोण नको म्हणेल? व्यवस्थापकांनी त्यांना एक किल्लीच देऊन टाकली होती.

प्रदर्शनाचं नाव ‘सतरा पाठी’. खरोखरच्या सतरा बायकांच्या पाठींवरून साचे घेऊन ओतलेल्या, मानेपासून कमरेपर्यंतच्या, पांढऱ्या प्लास्टरच्या पाठी लांबलचक भिंतीवर एका रांगेत टांगल्या होत्या. आतून पोकळ. प्रत्येकीने साचा घेताना जमेल तेवढा मोठा श्वास भरून रोखून धरला होता आणि प्लास्टरने तो तसाच पकडला होता. आत शिरणाऱ्याला वाटायचं, सतरा बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत आणि आपल्याशी बोलायची त्यांची अजिबात इच्छा नाही.

प्लास्टरचा स्वभाव मुकादमबाईंना नवऱ्याच्या स्वभावापेक्षा जास्त ठाऊक होता. भुकटी पाण्यात कालवली की पंधरा मिनिटांत घट्ट होते आणि होताना तापते. हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागते. तासाभरात निवते, आणि मग कायमची थंड. उन्हाळ्यात सुद्धा प्लास्टरला गाल लावला तर बरं वाटतं.

म्हणून प्रदर्शनाच्या दुसऱ्या सोमवारी सतराव्या पाठीवरून ब्रश फिरवताना त्यांची करंगळी खांद्याला टेकली आणि खांदा कोमट लागला, तेव्हा त्यांनी आधी आपल्याच हाताकडे बघितलं. मग ब्रश खाली ठेवून, लेकराचा ताप बघावा तसा उलटा हात लावून बघितला. मग सोळावीला लावला. सोळावी थंडगार होती. पंधरावीही. सतरावी मात्र कोमट होती, आणि खांद्यांच्या फऱ्यांमधल्या खोलगट जागी तर चक्क उबदार होती.

दिव्याची आच लागत असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. वर बघितलं, तर सगळे दिवे एकाच उंचीवर होते.

२

मुकादमबाई हे नाव कारखान्यातलं. वॉशबेसिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात ओतकामाच्या विभागावर त्या नऊ वर्षं मुकादम होत्या. कारखाना बंद पडला, पण नाव काही सुटलं नाही. नवरासुद्धा घरात त्यांना त्याच नावाने चिडवायचा. विभागात सतरा बायका. मातीचा पातळ काला साच्यात ओतायचा, बेसिन सुटलं की वाळवायचं आणि वाळलेल्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. या घासण्यात धूळ उडायची, पिठाहून बारीक. मुकादमबाई काचेच्या खोलीत बसायच्या. काचेवरची धूळ तासातासाला पुसावी लागे, तेव्हा कुठे पलीकडच्या बायका दिसायच्या.

नियमाप्रमाणे प्रत्येकीला रोज नवा मास्क मिळायला हवा होता. पहिले दोन महिने मिळाला. मग खोकी यायची थांबली. ‘‘पुढच्या आठवड्यात येतायत हो, तुम्ही सही करून ठेवा,’’ असं साहेब म्हणाले आणि मुकादमबाईंनी नोंदवहीत सही केली. मास्क वाटप, सतरा, सही. दुसऱ्या आठवड्यातही केली. नंतर साहेबांना सांगावंही लागलं नाही. सकाळी आलं की पेन काढायचं आणि सही करायची, हात धुतल्यासारखी. बायका तोंडाला फडकी बांधून काम करत राहिल्या.

कारखाना बंद झाल्यावर एकेकीची छाती बोलायला लागली. फुप्फुसात धूळ बसली होती. छातीच्या सरकारी रुग्णालयात त्यांच्यावर जन्मभर उपचार होऊ शकत होते, पण आजार कामामुळेच झाला हे सिद्ध झालं तर. सतरा जणी म्हणत होत्या, मास्क नव्हते. नोंदवही म्हणत होती, रोज होते. पहिल्या चौकशीत अधिकाऱ्याने मुकादमबाईंसमोर वही ठेवून विचारलं होतं, ‘‘सही तुमचीच ना?’’ त्या ‘‘हो’’ म्हणाल्या. अधिकाऱ्याने पुढे काही विचारलं नाही आणि त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही. दावा तिथेच निकालात निघाला.

त्याची बोच काही कमी होती? रात्रंदिवस होती. पण खोटी सही केल्याचं कबूल केलं तर आपल्यावर खटला होईल, शेजारपाजारचे बोट दाखवतील, या भीतीने त्यांची पाचावर धारण बसायची. बायकांनी कधी दूषण दिलं नाही. ‘‘तुमच्यावर दबाव होता, आम्हाला कळतं,’’ म्हणायच्या. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मग एक शिल्पकार बाई आल्या. त्यांना या बायकांवर काम करायचं होतं आणि प्लास्टर जाणणारं माणूस हवं होतं. मुकादमबाईंनी ते काम घेतलं. तोंडाने जे होत नाही ते निदान हाताने करू, असा त्यांचा हिशेब होता. प्रदर्शन गाजलं. वर्तमानपत्रांत आलं. शेवटच्या दिवशी याच दालनात जनसुनावणी ठरली. एक निवृत्त न्यायाधीश सगळं ऐकून घेणार होते आणि त्यांच्या अहवालावर दावा पुन्हा उघडणार होता. सोळा जणी बोलणार होत्या. पण वहीला खोटं पाडू शकेल अशी एकच बाई होती, आणि ती रोज सकाळी ब्रश घेऊन पाठी पुसत होती.

३

सतरावी म्हणजे शिट्टी. कामावर सतत शिट्टी वाजवायची म्हणून सगळ्या तिला शिट्टीच म्हणायच्या. ओतकामाच्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची तान ऐकू यायची. नऊ वर्षांत ती तान तोकडी होत गेली. आधी गाण्याचं कडवं गेलं, मग ओळ गेली, शेवटी दोन सूर आणि खोकला. मुकादमबाई काचेआडून हे सगळं ऐकत होत्या. ऐकत नव्हत्या असं म्हणायची सोय नाही.

साचा घ्यायला शिट्टी तीनदा आली आणि तिन्ही वेळा फसलं. ओल्या पट्ट्या पाठीवर बसवल्या की त्या पकड घेईपर्यंत श्वास रोखायचा असतो. शिट्टीला पकड येण्याच्या नेमक्या आधी ढास लागायची आणि पट्ट्या सरकायच्या. तिसऱ्या वेळी दोघी हसल्याच. ‘‘राहू दे, मुकादमबाई, ही छाती काही माझं ऐकत नाही,’’ ती म्हणाली. निघताना दारात थांबून म्हणाली, ‘‘पण मला वगळू नका हं. सोळाच दिसल्या तर लोक विचारतील, सतरावी कुठे गेली.’’

चार दिवसांनी तिला रुग्णालयात नेलं, आणि तेराव्या दिवशी ती गेली.

शिल्पकार बाई परगावी होत्या. त्यांना वाटत होतं तिसरा साचा जमला आहे. खरं सांगायला फोन हातात घेतला होता मुकादमबाईंनी, पण जीभ रेटेना. त्याऐवजी त्या घरी आल्या, पालथ्या झोपल्या आणि नवऱ्याला पट्ट्या भिजवायला सांगितल्या. नवरा निवृत्त बसचालक. ‘‘आयुष्यभर माझ्या डोक्यावर बसलीस, आज मी तुझ्या पाठीवर,’’ म्हणत त्याने पट्ट्या बसवल्या. मुकादमबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि पट्ट्यांनी पकड घेईपर्यंत रोखून धरला. काचेआडच्या खोलीत जपलेली निरोगी छाती होती ती, चांगली भरली.

सतराव्या पाठीखाली शिट्टीच्या नावाची पट्टी लागली. उद्घाटनाला आलेले लोक नेमके तिथेच थबकत. ‘‘बघा, हिचा श्वास किती मोठा आहे,’’ म्हणत. त्याच संध्याकाळी शिट्टीची मुलगीही आली. सतरांतली ती सगळ्यांत धाकटी; आईबरोबर तिनेही दोन वर्षं कडा घासल्या होत्या आणि आता तीही खोकत होती. पुष्कळ वेळ ती पाठीसमोर उभी राहिली.

‘‘मावशी,’’ ती म्हणाली, ‘‘मी रोज चोळून द्यायची आईची पाठ. ही तिची वाटत नाही मला.’’

‘‘तिचीच आहे गं,’’ मुकादमबाई म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं.

४

गरम लागण्याची गोष्ट त्यांनी व्यवस्थापकांच्या कानावर घातली. व्यवस्थापक म्हणजे हातात सतत मोजपट्टी घेऊन फिरणारा, सरळ रेषांवर जीव असलेला माणूस. त्यांनी दिवा बदलला. पाठ तशीच कोमट राहिली. दिवा बंदच करून टाकला, तरी फरक नाही. मग त्यांची नजर खाली गेली. सतराव्या पाठीच्या कडेने भिंतीवर ओल उमटली होती.

‘‘तरीच!’’ ते खूश झाले. ‘‘भिंतीतून गरम पाण्याची नळी गेली असणार. गळतेय ती.’’

मुकादमबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. एवढं साधं होतं तर. दुसऱ्या दिवशी नळवाला आला. त्याने कान लावून भिंत ठोकून बघितली, इमारतीचे नकाशे मागवले, दोन कप चहा प्याला आणि सांगितलं की या भिंतीत कसलीच नळी नाही. कधी नव्हतीही. ओल मात्र खरी आहे.

‘‘मग येते कुठून?’’ व्यवस्थापकांनी विचारलं.

‘‘खोलीतून,’’ नळवाला म्हणाला. ‘‘बंद खोलीत माणसं दाटीने झोपली की सकाळी भिंतीला येते ना, तसली आहे ही.’’ आणि पिशवी उचलून तो निघून गेला.

व्यवस्थापकांनी ओल पुसून घेतली आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला; त्यांना सुनावणीच्या खुर्च्या मांडायच्या होत्या. मुकादमबाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

५

घर तिसऱ्या मजल्यावर. गेली वीस वर्षं मुकादमबाई दोन्ही हातांत सामान घेऊन तो जिना चढत होत्या. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्या पहिल्या मजल्यावर थांबल्या. दुसऱ्या दिवशी तिथे पायरीवर बसल्या.

‘‘वय झालं, मुकादम,’’ नवरा म्हणाला. ‘‘आता तरी खाली घर घेऊ या म्हणत होतो ते ऐका.’’

‘‘तुम्हीच वर नेऊन ठेवलंत मला.’’

तो हसला, पण हसू टिकलं नाही. ‘‘एक सांगू? हसशील. दुपारी झोपतेस ना, तेव्हा हल्ली घोरत नाहीस तू. मला चुकल्यासारखं होतं. काल उठून जवळ येऊन बघितलं. छाती हलत होती की नाही तेच कळेना. उठवणार होतो, एवढ्यात तूच कूस बदललीस.’’

तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला. ‘‘फुप्फुसं तर पंचविशीतल्या पोरीला लाजवतील अशी आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘मनावर कसला ताण आहे का?’’

मुकादमबाई नाही म्हणाल्या. घरी येताना त्या विचार करत होत्या. निवलेलं प्लास्टर पुन्हा तापत नाही. भिंतीत नळी नाही. छातीत दोष नाही. तिन्ही गोष्टी जाणत्या माणसांनी बघून सांगितल्या होत्या. मग उरलं काय? त्यांना चौथ्या गोष्टीपर्यंत जायचंच नव्हतं. जिना चढताना त्यांनी पायऱ्या मोजल्या, म्हणजे डोक्यात दुसरं काही येणार नाही.

६

सुनावणीला चार दिवस होते तेव्हा शिट्टीची मुलगी पुन्हा आली. भरदुपारी, दालनात कुणी नसताना. तिच्या खोकल्याचा आवाज त्या उंच छताखाली घुमत राहिला. ती थेट सतराव्या पाठीकडे गेली आणि थोड्या वेळाने मुकादमबाईंजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

‘‘मावशी, माफ करा मला. त्या दिवशी उगाच संशय घेतला. आईचीच आहे ती.’’

‘‘का गं? आता काय झालं?’’

‘‘डाव्या फऱ्याखाली आईला भाजल्याचा व्रण होता. भट्टीच्या दाराला पाठ लागली होती तेव्हाचा. त्या दिवशी गर्दीत माझं लक्षच गेलं नव्हतं. किती स्पष्ट आलाय! तुमच्या हाताला तोड नाही.’’

 मुकादमबाईंच्या स्वतःच्या पाठीवर कुठलाही व्रण नव्हता. साच्याची शिवण घासून काढताना त्यांनी त्या पाठीचा बोटभर तुकडा सोडला नव्हता, आणि तिथे गुळगुळीत प्लास्टरशिवाय काही नव्हतं.

मुलगी त्यांच्याशेजारी बाकावर बसली. ‘‘मावशी, शनिवारी याल ना? तुमच्याशिवाय आमच्या सगळ्यांच्या बोलण्याला काही अर्थ नाही. ते वही दाखवतील आणि आम्ही परत घरी. आईचं झालं ते झालं. पण मला अजून बरीच वर्षं काढायचीत.’’ खोकला आला म्हणून ती थांबली. ‘‘तुम्हाला त्रास होईल, माहीत आहे. मी उभी राहीन तुमच्याबरोबर.’’

आत्ता सांगून टाकावं, सगळंच. सहीचं आणि पाठीचं. मुलीचा हात त्यांच्या हातावर होता, दालन रिकामं होतं, याहून चांगली वेळ येणार नव्हती. मुकादमबाईंनी बोलण्यासाठी श्वास घेतला. तो अर्ध्यावर अडला. जिन्यात अडतो तसाच, पण या वेळी त्या नुसत्या बसलेल्या होत्या.

‘‘येते,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

मुलगी गेल्यावर त्यांनी व्रण बघितला. डाव्या फऱ्याखाली, अंगठ्याएवढा, कडा चुरगळलेल्या. बोट लावायचं धाडस झालं नाही.

७

शुक्रवारी सकाळी त्यांनी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. पाठ उतरवून मागून बघायची. आतल्या बाजूने काय असायला हवं ते त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. मजबुतीसाठी चिकटवलेलं तागाचं जाड कापड, त्यावर प्लास्टरचा हात आणि त्यांच्याच बोटांचे ओबडधोबड फराटे.

पाठ दोन खुंट्यांवर होती. वजन सहा-सात किलो, जास्त नाही. दोन्ही हात कडांखाली घालून त्यांनी ती उचलली आणि भिंतीपासून वीतभर पुढे घेतली. मागच्या भिंतीवर ओलीचे दोन लांबट डाग होते, शेजारी शेजारी, मधे कोरडी फट. एक डाग दुसऱ्याहून किंचित लहान.

मग त्यांनी मान तिरकी करून पोकळीत बघितलं. खूप आत दिसलं नाही. दिवा मागे होता आणि त्यांचीच सावली पडत होती. ताग दिसला नाही. बोटांचे फराटे दिसले नाहीत. जे होतं ते ओलं होतं आणि त्याला अगदी बारीक बारीक रेषा होत्या. त्याच वेळी आतून उबदार हवेचा झोत त्यांच्या तोंडावर आला. ओल्या मातीचा, ओतकामाच्या खोलीचा वास होता त्याला. हवा आली, थांबली आणि परत आत गेली. आत जाताना कुठेतरी अरुंद जागेतून गेली असावी, कारण दोन सूर वाजले, पुसट, आणि तिसरा येता येता तुटला.

मुकादमबाई ओरडल्या नाहीत. ओरडायला लागतं तेवढं त्यांच्यापाशी नव्हतंच. त्यांनी पाठ कशीबशी खुंट्यांवर अडकवली, त्या बाकापर्यंत आल्या आणि बसून राहिल्या. भीती वाटत होतीच, पण भीतीच्याही खाली दुसरं काही होतं, आणि ते जास्त जड होतं. ती काचेआडून नऊ वर्षं ऐकलेली शिट्टी होती. एकदा, फक्त एकदा, त्या खोलीचं दार उघडून बाहेर आल्या असत्या तर? एका सकाळी पेन खिशातच ठेवलं असतं तर? साहेबांनी काय केलं असतं, कामावरून काढलं असतं. बस. एवढंच झालं असतं.

व्यवस्थापक खुर्च्यांच्या रांगा मोजपट्टीने सरळ करत आत आले. ‘‘बरं वाटत नाही का?’’ त्यांनी विचारलं. मुकादमबाईंनी हातानेच ‘बरं आहे’ म्हटलं.

८

शनिवारी अकरा वाजता दालन भरलं. खुर्च्या अशा मांडल्या होत्या की न्यायाधीशांच्या मागे पाठींची भिंत येईल. ती शिल्पकार बाईंची कल्पना. बोलणाऱ्याला भिंत समोर दिसायची. टेबलावर वहीच्या पानांच्या झेरॉक्सचा गठ्ठा होता. न्यायाधीश म्हातारे होते, कानाला यंत्र लावलेले, आवाज मायाळू.

सोळा जणी बोलल्या. कुणी बसून, कुणी धापा टाकत. प्रत्येकीचं बोलणं झालं की न्यायाधीश गठ्ठ्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘पण इथे सही आहे, बाई.’’ मग पुढच्या बाईची पाळी यायची. कुणीही वळून मुकादमबाईंकडे बघितलं नाही. हा त्यांचा चांगुलपणा होता, आणि तो सोसवत नव्हता.

मुकादमबाई उठल्या. नवऱ्याने कोपराला हात दिला, पण त्यांनी तो हलकेच सोडवला. शिट्टीची मुलगी ठरल्याप्रमाणे शेजारी येऊन उभी राहिली. आपल्याजवळ किती श्वास शिल्लक आहे याचा अंदाज त्यांना सकाळपासून आला होता. नवऱ्याशी सुद्धा त्या बोलल्या नव्हत्या. उरलं होतं ते जपून इथपर्यंत आणलं होतं.

‘‘मास्क,’’ त्या म्हणाल्या आणि थांबल्या. ‘‘नव्हते. नऊ वर्षं. सही माझी. खोटी.’’

 न्यायाधीशांनी कानाचं यंत्र चाचपलं आणि ते पुढे वाकले.

‘‘ऐकू आलं नाही, बाई. जरा मोठ्याने सांगता का? नोंद व्हायला हवी.’’

मुकादमबाईंनी मुलीकडे बघितलं. मग समोर. सतरावी पाठ न्यायाधीशांच्या डाव्या खांद्यावरून दिसत होती. दिवा बंद असल्याने बाकीच्या सोळांपेक्षा ती काळवंडलेली होती. त्यांनी कुठून तरी, तळातून, होतं नव्हतं ते ओढून काढलं.

‘‘मास्क नव्हते! पहिल्या दोन महिन्यांनंतर एकही दिवस नव्हते. या बायका खरं बोलतायत. मी खोट्या सह्या केल्या.’’

आणि त्या बोलत असतानाच त्यांना दिसलं. सतराव्या पाठीचे दोन्ही फरे सावकाश एकमेकांपासून दूर सरकत होते, मोठा, खूप मोठा श्वास आत भरताना सरकतात तसे. खांदे वर आले. कणा सरळ झाला. डोळ्यांवर अंधारी येत होती म्हणून तसं दिसलं असेल. नंतर कुणाला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. बाकी कुणी तिकडे बघतच नव्हतं. न्यायाधीश लिहीत होते, सोळा जणींपैकी कुणी रडत होती, कुणी हुश्श म्हणत होती, शिल्पकार बाई दोन्ही हात जोडून उभ्या होत्या, आणि मागच्या रांगेत टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मुकादमबाई मात्र तोंड उघडं ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघत उभ्या होत्या.

मुलीच्या ते ध्यानात आलं. तिने बरीच वर्षं हे पाहिलं होतं. तिने त्यांना अलगद पुढे वाकवलं, हाताला टेबलाची कड दिली आणि आपला तळवा त्यांच्या पाठीवर फिरवायला लागली; सवयीचा, न घाबरणारा हात.

‘‘हळू, मावशी. घाई नाही. आधी सोडायचा, मग घ्यायचा. झालं सगळं. बोललात तुम्ही. आता काही बोलायचं नाही.’’

पण बोलायचं होतं. न्यायाधीशांना जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, हिला सांगायचं राहिलं होतं. माझं चुकलं, पोरी. तुझ्या आईचं मी ऐकत होते आणि सही करत होते. तुला दोन वर्षं डोळ्यांसमोर त्या धुळीत बसू दिलं. भिंतीवरची ती पाठही आईची म्हणून तुझ्या गळ्यात मारली. सगळं नाही तर नुसतं ‘चुकलं’, एवढा एक शब्द. तो आधी सांगायला हवा होता, ते बाकावर बसल्या होत्या तेव्हा, ‘येते’ म्हणायच्या ऐवजी. त्यांचे ओठ हलले. आवाज झाला नाही.

टाळ्या वाढल्या होत्या. नवरा खुर्च्यांतून वाट काढत पुढे येत होता.

पाठीवरचा तळवा फिरता फिरता थांबला. थोडा खाली सरकला, मग बाजूला, बरगड्यांवर, आणि तिथे दाबून, काहीतरी शोधत असल्यासारखा टेकून राहिला. मुलीने वाकून त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

‘‘मावशी,’’ ती अगदी हळू म्हणाली, ‘‘घेताय ना तुम्ही श्वास?’’